ओल्या ब्रोमाइड प्रिंटवर खूण करायची तर कशाने?

आपला प्रश्न मला समजला तो असा. पाच-सहा जण मिळून छायाचित्रे छापण्यासाठी एकच डार्करूम वापरतात. चाचणीचे प्रिंट आरसी कागदावर, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर, आणि जपून ठेवायचे प्रिंट फायबर कागदावर काढले जातात. हे सगळे प्रिंट शेवटी एकाच धुण्याच्या ट्रेमध्ये एकत्र पडतात, आणि बाहेर काढताना कोणता प्रिंट कोणाचा, कोणत्या निगेटिव्हचा आणि किती सेकंदांचा हे सांगता येत नाही. बॉलपेन ओल्या कागदावर उमटले नाही आणि मार्करची शाई शेजारच्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर उतरली. म्हणून ओल्या प्रिंटवर चालेल असे पेन किंवा पेन्सिल कोणती, आणि मार्कर लागलेल्या प्रिंटांचे आता काय करावे, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते खरी अडचण पेनाची नाही, खूण करण्याच्या वेळेची आहे. प्रिंट ओला असणे ही त्याच्यावर लिहिण्यासाठी सगळ्यांत वाईट अवस्था आहे, आणि ज्या माहितीची आपल्याला नंतर गरज पडते तिच्यातली बहुतेक माहिती कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात, जाण्यापूर्वीच आपल्या हातात असते. निगेटिव्हचा क्रमांक, फिल्टर, प्रकाशनाचा वेळ (म्हणजे कागदाला किती सेकंद प्रकाश दिला) आणि काढणाऱ्याचे नाव या चारही गोष्टी एन्लार्जरपाशी, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रापाशी, उभे असतानाच ठाऊक असतात. त्यामुळे माझे पहिले उत्तर असे आहे की फायबर कागदाच्या पाठीवर, कागद कोरडा असतानाच, ४बीच्या आसपासच्या मऊ शिसपेन्सिलने काठाला हलक्या हाताने लिहावे. ओल्यावर लिहिण्याची वेळ आलीच तर काय करायचे हेही पुढे सांगतो, पण ती अपवादाची सोय आहे, रोजची पद्धत नव्हे. यात बरेच काही कागदाच्या जातीवर आणि प्रिंट किती काळ ठेवायचा आहे यावर अवलंबून आहे, म्हणून आधी कागदाकडे पाहू.

फायबर कागद हा मुळात साधा, पाणी शोषणारा कागद असतो. त्याच्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर आणि त्याच्यावर जिलेटिनचे इमल्शन, म्हणजे प्रतिमा ज्यात उमटते तो चांदीच्या क्षारांचा थर, असते. पाठ मात्र उघडीच असते. कोरडी असताना ही पाठ शिसपेन्सिलीला फार अनुकूल, कारण तंतूंच्या खडबडीतपणात ग्रॅफाइट अडकून बसते. तीच पाठ ओली झाली की तंतू फुगतात, सैल पडतात, आणि टोकदार कोणतीही वस्तू त्यांच्यावर लिहिण्याऐवजी त्यांना उकरते. आरसी कागदाचे गणित नेमके उलटे आहे. त्याच्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिलीनचा थर असल्याने पाणी फक्त कापलेल्या कडांमधून थोडेसे आत शिरते. पाठीवरचे पाणी पुसले की ती काही सेकंदांत जवळजवळ कोरडी होते, पण इतकी गुळगुळीत असते की साधी पेन्सिल तिच्यावरून नुसती घसरते. काही आरसी कागदांच्या पाठीला लिहिता यावे इतपत खरखरीतपणा मुद्दाम दिलेला असतो, काहींना तो अजिबात नसतो. आपल्याकडच्या पाकिटातला एक टाकाऊ कागद घेऊन दिव्याखाली लिहून पाहिले तर दोन मिनिटांत उलगडा होतो.

दुसरी गोष्ट इमल्शनची. जिलेटिन पाण्यात फुगते, अल्कलीयुक्त डेव्हलपरमध्ये आणखी फुगते, आणि पाणी जितके कोमट तितके ते मऊ होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतले पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. अशा पाण्यात धुतल्या जाणाऱ्या प्रिंटच्या पृष्ठभागावर नखाचीही रेघ उठते. तुरटीचा हार्डनर घातलेला फिक्सर (प्रतिमा कायम करणारे रसायन) वापरला तर जिलेटिन टणक होते, पण मग धुण्याला अधिक वेळ लागतो आणि टोनिंग, म्हणजे प्रतिमेचा रंग बदलण्याची प्रक्रिया, सावकाश होते, म्हणून केवळ लिहिता यावे यासाठी हार्डनर वापरणे मला पटत नाही. यावरून एक पक्का नियम निघतो: ओल्या प्रिंटच्या चित्राच्या बाजूवर काहीही लिहायचे नाही, अगदी पांढऱ्या कडेवरही नाही. पाठीवर लिहितानाही हे विसरायचे नाही की दाब पलीकडे पोहोचतो आणि मऊ जिलेटिनमध्ये उंचवटा होऊन बसतो. ग्लॉसी प्रिंट वाळल्यावर तिरप्या उजेडात धरला की पाठीवर दाबून लिहिलेला आकडा पुढून उलटा वाचता येतो.

कोरड्या, अजून डेव्हलप न झालेल्या कागदाच्या बाबतीत दाबाचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. चांदीच्या क्षारांवर यांत्रिक दाब पडला तर त्या जागेची प्रकाशाला मिळणारी प्रतिक्रिया बदलते, आणि डेव्हलप केल्यावर तिथे फिकट किंवा गडद रेघ दिसू शकते. म्हणूनच मी एचबी किंवा त्याहून कडक पेन्सिल डार्करूममध्ये ठेवत नाही. कडक पेन्सिल उमटावी म्हणून हात आपोआप दाब देतो. मऊ पेन्सिल स्वतःच्या वजनानेही उमटते. याच कारणासाठी कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवून वरच्या कागदावर लिहायचे नाही, कारण तो दाब खालच्या न वापरलेल्या कागदांच्या इमल्शनवर जातो आणि दोन दिवसांनी भलत्याच प्रिंटच्या आकाशात आकडा उमटतो. एकच कागद काढावा, पाकीट बंद करावे, स्वच्छ आणि सपाट काचेवर किंवा सनमायकावर कागद पालथा ठेवावा, आणि इझलची, म्हणजे कागद धरून ठेवणाऱ्या चौकटीची, पट्टी जिथे पांढरी कड सोडणार आहे तिच्या मागेच लिहावे.

ग्रॅफाइटच का, याचे कारण साधे आहे. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. डेव्हलपर, डेव्हलपरचे काम थांबवणारा ॲसिटिक आम्लाचा स्टॉप बाथ, हायपो (म्हणजेच फिक्सर), सेलेनियम टोनर, सेपियासाठी वापरले जाणारे फेरिसायनाइडचे ब्लीच यांपैकी कशानेही ते विरघळत नाही, रंग बदलत नाही, पसरत नाही आणि चांदीच्या प्रतिमेवरही त्याचा परिणाम होत नाही. फायबर प्रिंट तासभर वाहत्या पाण्यात राहिला तरी कोरड्यावर केलेली खूण जागची हलत नाही. संग्रहालयांत छायाचित्रांच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलनेच लिहावे असा शिरस्ता आहे, त्यामागेही हेच कारण आहे. आपल्या बाजारात कॅमलिन, अप्सरा वगैरेंच्या चित्रकलेच्या पेन्सिलींचा संच सहज मिळतो आणि त्यातल्या २बी, ४बी आणि ६बी या तीनच आपल्याला पुरतात. महागड्या परदेशी पेन्सिलीने यात काडीचाही फरक पडत नाही. मात्र जितकी मऊ तितकी चांगली असेही नाही. ८बीचे ग्रॅफाइट भुकटीसारखे वर राहते, आणि प्रिंट वाळून एकमेकांवर रचले की खालच्या प्रिंटच्या तोंडावर करडा डाग लागतो. कोरड्या फायबर कागदासाठी मला ४बी हा मध्यम मार्ग वाटतो.

पेन्सिलीचे टोक अणकुचीदार नको, बोथट आणि गोलसर हवे. टोक काढण्याचे काम डार्करूमच्या बाहेर करावे, कारण लाकडाचा भुसा आणि ग्रॅफाइटची धूळ निगेटिव्ह कॅरियरमध्ये, म्हणजे निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीत, जाऊन बसली की पुढच्या प्रत्येक प्रिंटवर तिचे पांढरे ठिपके येतात. खोडरबरही आत नको. त्याचे कण इमल्शनला चिकटतात, आणि चूक झाली तर आकड्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी पुन्हा लिहिता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे डार्करूमच्या कोरड्या बाजूची (एन्लार्जरपाशी वापरायची) पेन्सिल आणि ओल्या बाजूची (ट्रेपाशी वापरायची) पेन्सिल या दोन वेगळ्या असाव्यात. पेन्सिलीचे लाकूड हायपो शोषून घेते. फिक्सरचा हात लागलेली पेन्सिल एन्लार्जरपाशी आली की तिच्यावरून बोटांना, बोटांवरून कोऱ्या कागदाला हायपो लागतो आणि त्या जागी प्रतिमा नीट डेव्हलपच होत नाही. असे बोटांचे फिकट ठसे आले की लोक डेव्हलपरला किंवा कागदाला दोष देतात, आणि दोषी मात्र कानामागे खोचलेली पेन्सिल असते. कोरड्या बाजूची पेन्सिल मी एन्लार्जरच्या टेबलाला दोरीने बांधून ठेवतो, म्हणजे ती ट्रेपर्यंत जाऊच शकत नाही. ओल्या बाजूला लाकूड नसलेली, अख्खी ग्रॅफाइटची कांडी बरी पडते, कारण ती धुऊन पुसता येते. बटण दाबून शिसे पुढे करायच्या बारीक पेन्सिली, ०.५ मिलिमीटरच्या वगैरे, दोन्हीकडे टाळाव्यात. त्यांचे शिसे बारीक आणि कडक असते, आणि धातूची नळी कागद खरवडते.

आता खरोखरच ओल्या फायबर प्रिंटवर लिहिण्याची वेळ आली, समजा, धुताना लक्षात आले की दोन प्रिंट हुबेहूब सारखे दिसत आहेत आणि कोणावरच खूण नाही, तर काय करावे? प्रिंट एका कोपऱ्याने उचलून पाणी पूर्ण निथळू द्यावे. स्वच्छ काच ओली करून घ्यावी आणि प्रिंट तिच्यावर पालथा, चित्राची बाजू काचेला, असा ठेवावा. काच ओली असणे आवश्यक आहे, कारण पाण्याच्या पातळ थरामुळे मऊ इमल्शन तिच्यावर घासले जात नाही. मग फक्त एक कोपरा टिपकागदाने दाबून टिपावा, पुसू नये, आणि ६बी पेन्सिल जवळजवळ आडवी धरून एखादाच आकडा किंवा अक्षर ओढावे. खूण फिकी उमटते, पण वाळल्यावर वाचता येते. ती गडद करण्यासाठी दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून हात फिरवू नये, कारण तेवढ्यात तंतू सुटून येतात. सविस्तर माहिती प्रिंट वाळल्यावर लिहावी.

आरसी कागदासाठी उत्तर बदलते. पाठ ग्रॅफाइट घेत असेल तर वरचीच पद्धत वापरावी. घेत नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मेणाची पेन्सिल. परदेशी छायाचित्रकार तिला चिनाग्राफ म्हणतात. आपल्याकडे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांवर क्रमांक घालायला जी काचेवर लिहायची पेन्सिल वापरतात, ती हीच. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात ती मिळते. तिचे मेण पाण्यात विरघळत नाही आणि प्लास्टिकला धरते, पण पृष्ठभागावर पाण्याचा पडदा असेल तर धरत नाही. त्यामुळे आरसी प्रिंटची पाठ पुसून, कोरडी करून लिहावे. ओल्या बाजूला, प्रिंट पाण्यातून काढल्यावर खूण करण्यासाठी माझ्या पाहण्यात याहून सोयीचे साधन नाही. तिचा दोष असा की खूण कायमची नसते. मेण घासले की पुसले जाते, उष्णतेने मऊ होते, आणि हेअर ड्रायरने प्रिंट वाळवून लगेच एकावर एक ठेवले तर खालच्याच्या तोंडावर उतरते. चाचणीच्या प्रिंटसाठी ही अडचण क्षुल्लक आहे.

दुसरा मार्ग म्हणजे ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक पत्र्यांवर किंवा सीडीवर लिहायचे बारीक टोकाचे स्पिरिटवर आधारलेले पेन. कोरड्या आरसी कागदाच्या पाठीवर, प्रकाशन देण्यापूर्वी किंवा दिल्यावर लगेच, त्याने लिहावे, एक-दोन मिनिटे वाळू द्यावे आणि मगच कागद डेव्हलपरमध्ये सोडावा. नीट वाळलेली शाई सहसा सगळ्या बाथमधून टिकते. आपल्या मार्करची शाई शेजारी उतरली याचे कारण बहुधा एवढेच की ती ओल्या किंवा दमट पाठीवर लावली गेली. मधे पाण्याचा थर असल्याने ती प्लास्टिकला धरलीच नाही आणि प्रिंट एकमेकांवर येताच दुसरीकडे गेली. विकत घेताना एक काळजी घ्यावी. ओएचपीची पेने दोन जातींची असतात, पाण्याने पुसली जाणारी आणि कायमची, आणि दोन्ही एकाच कंपनीची, जवळपास एकाच रूपाची असू शकतात. असाच घोळ स्टॅबिलो ऑल या पेन्सिलीबद्दल होतो. ती काच, प्लास्टिक, धातू, छायाचित्र अशा सगळ्यावर लिहिते, त्यामुळे अनेकजण तिची शिफारस करतात, पण तिचा रंग पाण्यात विरघळणारा आहे. वाळलेल्या आरसी प्रिंटच्या पाठीवर नोंद करायला ती उत्तम, ट्रेमध्ये जाणाऱ्या कागदासाठी निरुपयोगी. आरसी कागदाच्या पाठीचा कोपरा बारीक पॉलिश कागदाने घासून तिथे साध्या पेन्सिलने लिहिण्याची युक्तीही सांगितली जाते. ती चालते, पण प्लास्टिकचा भुगा डार्करूममध्ये नको म्हणून मी ती वापरत नाही.

रंगाविषयी एक सूचना, कारण हे खरेदी करताना कोणाच्याच लक्षात येत नाही. लाल सेफलाइटमध्ये, म्हणजे कागदावर परिणाम न करणाऱ्या डार्करूमच्या दिव्यात, पांढऱ्या कागदावरची लाल खूण दिसतच नाही, आणि पिवळसर-तपकिरी सेफलाइटमध्ये पिवळी आणि नारिंगी खूणही तशीच नाहीशी होते. दुकानात लाल मेणपेन्सिल ठसठशीत दिसते म्हणून घेतली जाते आणि आत गेल्यावर ती बिघडलेली वाटते. काळी किंवा गडद निळी घ्यावी.

इथपर्यंतचा हिशेब असा: फायबर कागदावर कोरडेपणी ४बी, ओलेपणी नाइलाजाने ६बी, आरसीवर कोरडेपणी पेन्सिल किंवा कायमच्या शाईचे पेन, ओलेपणी पाठ पुसून काळी मेणपेन्सिल.

फायबर कागदावर मात्र स्पिरिटचे मार्कर आणि मेण या दोन्हींना मी साफ नकार देतो, आणि त्याचे कारण आजचे नाही, पुढच्या काही वर्षांचे आहे. मार्करच्या शाईतला रंग द्रावकाबरोबर कागदात खोल शिरतो. तो तिथेच थांबत नाही. दमट हवेत तो हळूहळू पसरतो, कागदाच्या पुढच्या बाजूला पिवळट किंवा जांभळट सावली दिसू लागते, आणि गठ्ठ्यातल्या पुढच्या प्रिंटलाही लागते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात हे काम आणखी वेगाने होते. मेणाचा त्रास उष्णतेपाशी सुरू होतो. फायबर प्रिंट कार्डावर चिकटवताना ड्राय माउंटिंग प्रेसचे तापमान ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असते आणि त्यात पाठीवरचे मेण वितळून कागदात मुरते. जुन्या स्टुडिओंतले, प्रिंटला चकाकी आणणारे ग्लेझिंग मशीन ज्यांच्याकडे अजून चालू आहे त्यांनी तर अधिक जपावे. त्यात प्रिंटचे तोंड चकचकीत पत्र्याला आणि पाठ गरम कॅनव्हासला लागलेली असते, म्हणून पाठीवरचे मेण किंवा शाई त्या कापडात जाते आणि मागाहून येणाऱ्या प्रत्येक प्रिंटला थोडी थोडी वाटली जाते.

बॉलपेन, जेलपेन, शाईचे पेन आणि स्केचपेन यांच्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बॉलपेनची गोळी ओल्या पृष्ठभागावर फिरत नाही आणि कोरड्यावर फिरली तरी कागदात चर पाडते. बाकीच्यांची शाई बहुतांशी पाण्याची असल्याने धुण्यातच निघून जाते किंवा पसरते. एका गोष्टीचा मात्र खास इशारा द्यावासा वाटतो. जुन्या कचेऱ्यांत वापरली जाणारी कॉपिंग पेन्सिल दिसायला साध्या शिसपेन्सिलीसारखीच असते, पण तिच्या शिशात ॲनिलिन रंग मिसळलेला असतो आणि पाणी लागताच ती गर्द जांभळी होते. वडिलोपार्जित खणातून निघालेली, नाव पुसलेली पेन्सिल डार्करूममध्ये नेण्यापूर्वी ओल्या कागदाच्या कपट्यावर एकदा ओढून पाहावी.

पाच-सहा जण एकत्र काम करतात, हा आपल्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग आहे, आणि तिथे पेनाशिवायची खूण अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. प्रत्येकाने आपली एक खाच ठरवून घ्यावी. कोणी उजवा खालचा कोपरा तिरपा कापावा, कोणी डाव्या कडेला छोटी त्रिकोणी खाच पाडावी, कोणी दोन खाचा पाडाव्यात. शीट फिल्मच्या कडेला कारखान्यातच खाचा असतात, आणि काळोखात बोट फिरवून फिल्मची जात आणि इमल्शनची बाजू ओळखता येते, तीच ही युक्ती. खाच पांढऱ्या कडेत राहील एवढीच असावी. आरसी कागदाला ती लहानच ठेवावी, कारण कापलेल्या प्रत्येक कडेतून थोडे रसायन आत जाते. प्रिंट कोणाचा हा प्रश्न अशा खाचेने कोणत्याही शाईशिवाय सुटतो आणि ती ओल्या हाताने, डोळे मिटूनही वाचता येते. उभ्या कप्प्यांचा वॉशर असेल तर कप्प्यांवर क्रमांक रंगवून टाकावेत आणि कोणता प्रिंट कोणत्या कप्प्यात गेला याची भिंतीवरच्या पाटीवर नोंद ठेवावी.

प्रकाशनाचा वेळ आणि फिल्टर यांच्यासाठी मला सगळ्यांत आवडणारी पद्धत म्हणजे आकडा प्रकाशानेच छापणे. ओएचपीच्या पारदर्शक पत्र्याची एक अरुंद पट्टी घ्यावी आणि तिच्यावर काळ्या, प्रकाश न सोडणाऱ्या शाईने सुलट अक्षरांत माहिती लिहावी. चित्राचे प्रकाशन झाल्यावर इझलमधला चित्राचा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकावा, पट्टी शाईची बाजू वर करून पांढऱ्या कडेवर ठेवावी, आणि निगेटिव्ह कॅरियर काढून त्या कडेला क्षणभर प्रकाश द्यावा. डेव्हलप केल्यावर काळ्या पट्टीत पांढरा आकडा येतो. ही खूण चांदीचीच असल्याने प्रतिमेइतकीच टिकते, कशावर उतरत नाही आणि ओल्या ट्रेमध्ये लांबूनही वाचता येते. अंतिम प्रिंटवर ती नको असेल तर कड कापून टाकावी. चाचणीच्या प्रिंटवर मी ती तशीच ठेवतो.

ही कल्पना जुनी आहे. ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न १८६३ ते १८७० या काळात भारतात हिमालयापासून दक्षिणेपर्यंत चित्रे घेत होता. त्याच्या प्रिंटच्या कोपऱ्यात दिसणारे नाव आणि क्रमांक प्रिंटवर लिहिलेले नाहीत, निगेटिव्हच्या काचेवरच घातलेले आहेत. ज्यांचा मुंबईतही स्टुडिओ होता त्या राजा दीनदयाळ यांच्या प्रिंटवरही असे क्रमांक आढळतात. निगेटिव्हच्या इमल्शनवर लिहिताना मात्र अक्षरे उलटी काढावी लागतात, कारण छपाईच्या वेळी ती बाजू कागदाकडे असते. वर सांगितलेल्या सुट्या पट्टीला ही कसरत लागत नाही.

लिहायचे किती, यालाही मर्यादा हवी. पाठीवर लांबलचक टिपण लिहिले की हात दाब देतोच. रोलचा क्रमांक, फ्रेमचा क्रमांक आणि त्या फ्रेमचा कितवा प्रिंट, एवढे तीन आकडे पुरेत, उदाहरणार्थ २४-७-३. बाकी सगळे, म्हणजे लेन्सचे छिद्र, सेकंद, फिल्टर, कुठे झाकले आणि कुठे जास्त प्रकाश दिला हे, त्याच क्रमांकाखाली वहीत लिहावे. घाईत आणि सेफलाइटमध्ये लिहिलेले देवनागरी १ आणि ९ नंतर वेगळे ओळखता येत नाहीत, आणि इंग्रजी 6 व 9 प्रिंट उलटा, खालची बाजू वर करून, धरला की एकच होतात. म्हणून आकड्यांखाली रेघ मारण्याची सवय सगळ्यांनीच लावून घेणे बरे. वही मात्र कोरड्या बाजूलाच राहावी.

प्रिंट पूर्ण वाळल्यावर सही, वर्ष आणि आवृत्तीचा क्रमांक लिहायचा असेल तर फायबरच्या पाठीवर २बी पेन्सिल पुरेशी आहे. शाईच हवी असेल तर कार्बनसारख्या रंगद्रव्याची, पाण्याने न पसरणारी, पिग्मा मायक्रॉनसारख्या पेनांतली शाई घ्यावी आणि तीही पांढऱ्या कडेच्या मागेच वापरावी. आरसीच्या गुळगुळीत पाठीवर ही शाई मुरत नाही, वर बसून राहते आणि बराच वेळ पुसली जाऊ शकते, म्हणून तिथे रात्रभर मोकळे ठेवून मगच प्रिंट रचावेत. छायाचित्राच्या संपर्कात येणाऱ्या पाकिटांची आणि इतर साहित्याची प्रतिमेवर काय प्रतिक्रिया होते हे तपासणारे आयएसओ १८९१६ हे मानक आहे. एखाद्या पेनाच्या माहितीत या चाचणीचा उल्लेख असला तर तो नुसत्या 'आर्काइव्हल' या शिक्क्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण समजावा.

नवे पेन किंवा पेन्सिल वापरात आणण्यापूर्वी घरच्या घरी करता येईल अशी परीक्षा आहे. नेहमीच्या कागदाच्या पाठीवर लिहून तो कपटा खऱ्या प्रिंटप्रमाणे सगळ्या बाथमधून न्यावा, पूर्ण वेळ धुवावा, आणि ओला असतानाच खुणेची बाजू दुसऱ्या कोऱ्या, फिक्स करून धुतलेल्या प्रिंटच्या तोंडावर ठेवून वर जाड पुस्तकाचे वजन द्यावे. पुस्तकाखाली प्लास्टिक ठेवावे म्हणजे पुस्तक भिजणार नाही. दोन्ही वाळल्यावर कोऱ्या प्रिंटवर काहीही उतरले नसेल, खूण वाचता येत असेल आणि तिरप्या उजेडात पुढून काही दिसत नसेल, तर ते साधन आपल्या कागदासाठी चालेल. एका कागदावर यशस्वी ठरलेले साधन दुसऱ्यावर चालेलच असे नाही, त्यामुळे कागद बदलला की परीक्षा पुन्हा करावी.

ज्या प्रिंटांना आधीच मार्कर लागला आहे त्यांच्याबद्दल शेवटी सांगतो. आरसी प्रिंटच्या पाठीवरची शाई आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने बऱ्याचदा निघते. प्रिंट कोरडा असावा आणि अल्कोहोल कडेवरून आत किंवा पुढच्या बाजूला जाऊ देऊ नये. पांढऱ्या कडेवर, म्हणजे इमल्शनवर उतरलेली शाई काढण्याचा प्रयत्न आधी टाकाऊ प्रिंटवर करून पाहावा. बहुतेक वेळा कड कापणे हाच स्वच्छ उपाय ठरतो. फायबर प्रिंटच्या पाठीवर मात्र अल्कोहोल अजिबात लावू नये, कारण त्याने शाई बाहेर येण्याऐवजी विरघळून कागदात आणखी खोल जाते. असे प्रिंट गठ्ठ्यातून वेगळे करावेत, प्रत्येकाच्या मागे आणि पुढे आम्लविरहित कागद घालावा, आणि निगेटिव्ह हाताशी असेल तर जपून ठेवायची प्रत नव्याने काढून घ्यावी.